खाच नसलेली बंदूक

१

एमेट रिशेल मार्चमध्ये गेले आणि त्यांचं रविवारचं काम लेकीच्या अंगावर आलं. आर्डिथने ते कुणी न सांगता उचललं. चर्चमधून आलं की कोट खुंटीला अडकवायचा, स्टोव्हवर कॉफी चढवायची आणि मागच्या खोलीत जाऊन बंदुका पुसायच्या. ती आता पन्नाशी ओलांडलेली. लग्न केलं नाही. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची, संध्याकाळी घरी येऊन वडिलांचं जेवणखाण बघायची. आता ताटात वाढायला कुणी नव्हतं, पण पुसायला बंदुका होत्या.

उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात बंदूक नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. तरी एमेटच्या घरातल्या बंदुकांची गोष्ट वेगळी. मागच्या खोलीला एकच खिडकी, उत्तरेची. उजेड थंडगार आणि सारखा. भिंतीला चेरीच्या लाकडाची मांडणी. वीज पडून मेलेल्या झाडाची एमेटनी स्वतः ती केली होती. प्रत्येक बंदुकीच्या मापाने तिची तिची खाच कोरून आत हिरवं बनातीचं कापड चिकटवलेलं. एकीच्या खाचेत दुसरी बसायची नाही. खोलीत जवसाच्या तेलाचा, तंबाखूचा आणि जुन्या लोखंडाचा वास असे. आर्डिथला तो वास म्हणजेच डॅडी वाटायचा.

आजोबांची तरफ ओढून काडतूस चढवायची रायफल. त्यांनी हिवाळाभर सापळे लावून कातडी विकली, तेव्हा कुठे ती घरात आली. आईची छोटी रायफल. परसात भाजी खायला ग्राउंडहॉग, जाडसर बिळात राहणारा प्राणी, शिरला की आई ॲप्रनसकट स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकच गोळी घालायची आणि चुलीवरची ग्रेव्ही ढवळायला परत वळायची. ग्रेव्ही कधी लागली नाही. शेजाऱ्याने गाईच्या बदल्यात दिलेली दुनळी. लहानपणी तिचा भाऊ ड्वेन याने जिच्या दस्त्यावर खिळ्याने आपलं नाव कोरलं, ती. तेव्हा डॅडी ओरडले नव्हते. ओरखड्यांत तेल मुरेपर्यंत त्याला ती हातात धरून उभं राहायला लावलं होतं, बस.

आणि जिच्यावर आर्डिथ शिकली, ती. ऑक्टोबरचे दिवस, घरामागचा ओढा, झाडाच्या बुंध्यावर पीचचा रिकामा डबा. डॅडी मागे उभे, त्यांची हनुवटी तिच्या डोक्यावर, तोंडात पेपरमिंटची गोळी. "श्वास सोड, मग चाप. घाई कुणाला आहे? डबा काही पळून जात नाही." पहिली गोळी पाण्यात गेली. दुसऱ्या गोळीला डबा उडाला आणि डॅडींनी तो कोठाराच्या दाराला खिळा मारून टांगला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

या सगळ्या आठवणी हाताला सापडतील तशा पुसत पुसत ती शेवटी कोपऱ्याशी यायची. तिथे एक एकनळी छर्‍याची बंदूक भिंतीला टेकून उभी असायची. काळपट दस्ता, गालाच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. तिच्यासाठी मांडणीत खाच नव्हती. आर्डिथ तीही पुसायची. खरं सांगायचं तर तिच्यावर तिचा हात जरा जास्तच वेळ फिरायचा. ऊन कॉफीचा कप दोन्ही हातांत धरावा, तसं काहीसं बरं वाटायचं.

खाच का नाही, हा प्रश्न तिच्या डोक्यात अख्ख्या उन्हाळ्यात एकदाही आला नाही.

२

"वाटणी करायची तर किंमत कळायला हवी," ड्वेन म्हणाला होता. "म्हणजे नंतर मनात कुरबूर नको." ड्वेन तिचा धाकटा भाऊ. लाकडाच्या वखारीत काम करायचा, बोलायला मोठा, मनाने मऊ. हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं ज्याचं त्याला द्यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. हंगामाशिवाय वाटून उपयोग काय? बंदूक हातात घेऊन डोंगर चढल्याशिवाय ती मिळाल्यासारखी वाटत नाही.

म्हणून शनिवारी फेसलर आले. खालच्या गावात त्यांचं बंदुकांचं दुकान. माणूस आडव्या अंगाचा, दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकणारा. खोलीत शिरल्यावर मात्र त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येईना. एकेक बंदूक उचलायची, उजेडात धरायची, नळीतून बघायचं, पुन्हा तिच्या खाचेत ठेवायची.

आजोबांच्या रायफलीशी ते थांबले. "हिचे फार येणार नाहीत, आर्डिथबाई. दस्त्यावर किती ओरखडे!"

"ते कुंपणावरून उड्या मारतानाचे आहेत. आजोबांचे, मग डॅडींचे."

"असतील. बाजार ओरखड्यांचे पैसे कापतो."

"अहो, त्या ओरखड्यांमुळेच तर ती आमची आहे."

फेसलर हसले. "खरंय. पण ती किंमत तुम्हीच देऊ शकता. माझं गिऱ्हाईक नाही देणार."

मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "आणि ही? ही तर पूर्वी प्रत्येक गोठ्याच्या दाराआड असायची. हिला आता कुत्रं विचारत नाही. कुणाची?"

"ऑरिनकाकाची," आर्डिथ म्हणाली.

उत्तर जिभेवरच असल्यासारखं आलं. फेसलरनी बंदूक उचलली. दस्त्याच्या झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. स्टोव्हचं लोखंड तापून टकटक करत होतं, तेवढाच आवाज. त्यांच्या जाड चेहऱ्यावरचा दुकानदार हळूहळू कुठेतरी निघून गेला.

"डावखुरा होता ना?" ते म्हणाले.

"हो."

"आणि पोरांशी कसा बोलायचा... कधी आवाज म्हणून चढवला नाही."

"कधीच नाही," आर्डिथ म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"द्या मला ही. तुम्ही म्हणाल ती किंमत."

"आत्ता तर म्हणालात, कुत्रं विचारत नाही!"

"म्हणालो खरा." त्यांनी बंदूक कोपऱ्यात ठेवली, पण हात लगेच सुटला नाही. जाताना टोपी टेबलावरच विसरली. आर्डिथ टोपी घेऊन बाहेर धावली तेव्हा ते गाडीत बसले होते, इंजिन चालू, दोन्ही हात चाकावर आणि गालावरून पाणी ओघळत होतं. तिने काचेवर टकटक केलं, तेव्हा ते दचकून तिच्याकडे बघतच राहिले.

फेसलरना कसं कळलं काका डावखुरा होता ते? आर्डिथला प्रश्न पडला, पण भांडी आवरेपर्यंतच टिकला. दस्ता कुठल्या गालाला झिजला आहे त्यावरून जाणकाराला कळतं. त्यात काय मोठं.

३

पुढच्या रविवारी ड्वेन जेवायला आला, बरोबर त्याची मुलगी जनेल. जनेल नुकतीच नर्स झाली होती. पोरवयात तिला शिकारीचं वेड नव्हतं, पण एमेट आजोबा गेल्यावर तिच्या मनात काय आलं कोण जाणे. यंदा मीही डोंगरावर येणार म्हणाली. आर्डिथने वॉफलवर चिकन आणि ग्रेव्ही केली होती, बिटात मुरवलेली अंडी होती.

"ही ग्रेव्ही डोंगरावर ने, आर्डी," ड्वेन बोटं चाटत म्हणाला. "हरणं आपणहून रांग लावतील. गोळीचा खर्च वाचेल."

"तुझ्या नेमाला तोच उपाय आहे."

"ऐक जनेल, ऐक! ही माझी मोठी बहीण."

वाटणी हसतखेळत झाली. फेसलरनी सांगितलेल्या किमती कुणी काढल्यासुद्धा नाहीत. आईची रायफल आर्डिथला, स्वयंपाकघरातली म्हणून स्वयंपाकघरवालीला. जिच्यावर ती शिकली, तीही तिचीच. दुनळी आणि नाव कोरलेली ड्वेनला. आजोबांची तरफेची जनेलला. तिने ती छातीशी धरली आणि म्हणाली, "आत्या, कुठल्या ओरखड्याचं काय, ते मला सांगून ठेव हं."

मग कोपऱ्यातली उरली.

"ऑरिनकाकाची मी नेतो," ड्वेन म्हणाला.

"ती माझ्याकडे राहू दे."

"का म्हणून? डॅडी गेल्यावर तळघरात कोळशाच्या कोठीमागे मला सापडली. पोत्यात गुंडाळून तारेने आवळलेली. तार तोडायला पक्कड लागली होती."

"बघ, डॅडींनी किती जपून ठेवली होती."

"जपून. हो, जपूनच," ड्वेन म्हणाला. "पण मी तिच्यावर शिकलोय. काकाने शिकवलंय मला."

"आणि मला नाही? ओढ्याकाठी, बुंध्यावर पीचचा डबा ठेवून. काका मागे उभा, तोंडात लवंग. म्हणायचा, घाई कुणाला आहे, डबा काही पळून जात नाही..."

"पळून जात नाही!" ड्वेनने शेवटचे शब्द तिच्याबरोबर म्हटले. दोघं हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे ओलावले. ते दोघं तासभर ऑरिनकाकाबद्दल बोलत बसले. तो जेवताना आस्तीन कशी दुमडायचा, बर्फात मुलांच्या पुढे चालून पावलांसाठी वाट कशी करून द्यायचा. जनेल ऐकत होती. तिने ती बंदूक खांद्याला लावून बघितली, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली, ओठांवर हसू ठेवून.

"जनेल," आर्डिथ जरा जोरात म्हणाली, "ठेव ती."

शेवटी बंदूक आर्डिथकडेच राहिली, पण ड्वेन जाताना नीट बोलला नाही. आर्डिथ ताटं पुसायला उभी राहिली. मनात अजून तोच ओढा. ताट पुसता पुसता तिचा हात थांबला.

लवंग?

पेपरमिंट होती ना?

तिने डोळे मिटून पुन्हा आठवून पाहिलं. डोक्यावर टेकलेली हनुवटी. लवंगेचा वास, स्पष्ट, उबदार. मग पेपरमिंट कुणाच्या तोंडात असायची? आणि काका राहायचा कुठे? या घरात? कुठल्या खोलीत? तो गेला कधी? त्याच्या अंत्यविधीला आपण कुठला पोशाख घातला होता? तिला आईच्या वेळचा आठवत होता, डॅडींच्या वेळचा आठवत होता.

मागच्या खोलीत काहीतरी लाकडाला हलकेच टेकलं. आर्डिथने जाऊन पाहिलं. सगळं जागच्या जागी. रिकाम्या झालेल्या खाचा, हिरवं कापड आणि कोपऱ्यात ती. खोलीत तेलातंबाखूचा वास होताच. त्याच्यावर, अगदी पुसट, लवंगेचा.

वय झालं की माणसाची अशी सरमिसळ होते, तिने स्वतःला समजावलं. आणि मांडणीकडे बघताना पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की डॅडींनी हिच्यासाठी खाच केलीच नाही.

४

रिशेलांच्या सगळ्या कबरी चर्चमागच्या उतारावर होत्या. आर्डिथ दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तिथे उतरली. आजोबा, आजी, आई, डॅडींचा नवाकोरा दगड. ऑरिन नव्हता. परक्या गावी गेला असेल, तिथेच पुरला असेल, म्हणत ती गाडीत बसली. पण घरी फक्त टेकून ती व्हेस्टा आत्याच्या शेतावर गेली. घरून निघताना तिने ती बंदूक गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर का टाकली होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणाला तरी दाखवावी असं वाटत होतं, एवढंच.

व्हेस्टा आत्या म्हणजे एमेटची मोठी बहीण. म्हातारी झाली होती, पण जीभ आणि डोकं दोन्ही पाजळलेलं. स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसली होती. घरभर सफरचंदाचा आणि दालचिनीचा वास.

"बस. आणि नुसती बसू नकोस, सुरी घे," आत्या म्हणाली.

आर्डिथने सुरी घेतली. "आत्या, ऑरिनकाका कुठे पुरलाय गं?"

"कोण?"

"ऑरिनकाका. तुझा भाऊ."

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मला एकच भाऊ होता आणि त्याला मार्चमध्ये आपण दोघींनी माती दिली. बरी आहेस ना? झोप लागते का?"

"चुलत वगैरे?"

"चुलत सगळे ओहायोला. आणि ऑरिन नावाचा त्यांच्यातही कुणी नाही. अगं, मी आणि एमेट, बस. आईला आम्ही दोघंच जड झालो होतो."

आर्डिथच्या अंगावरून गार पाणी गेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी एक मोठं ओझंही उतरलं. कुणीतरी शहाणं माणूस जागं होतं. तिने भडाभडा सगळं सांगितलं. फेसलर, ड्वेन, लवंग, पेपरमिंट. आत्या हसली नाही. "एमेटच्या खिशात जन्मभर पेपरमिंट असायची," ती म्हणाली. "धुताना खिसे चिकट लागायचे. आण बघू ती बंदूक. लोखंडच आहे ना शेवटी."

आर्डिथने गोधडीसकट आणून टेबलावर ठेवली. आत्याने ॲप्रनला हात पुसले, गोधडी बाजूला केली आणि दस्ता हातात घेतला.

आधी काहीच झालं नाही. मग आत्याचे खांदे खाली आले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरल्या.

"अगंबाई," ती म्हणाली. आवाज लहान मुलीचा झाला होता. "ही तर ऑरिनची."

"आत्या..."

"मला खांद्यावर बसवून बागेत न्यायचा. सगळ्यात वरचं सफरचंद मला तोडू द्यायचा. किती उंच वाटायचं गं तिथून!"

"आत्या, तू आत्ताच म्हणालीस, तुला एकच भाऊ."

"हो ना. ऑरिन."

"आणि डॅडी? एमेट?"

आत्याने तिच्याकडे बघितलं, चर्चमध्ये नवं कुणी आलं की आपण बघतो तसं, भलेपणाने. "एमेट," ती म्हणाली. शब्द तिने तोंडात घोळवला. "हो, असेल. तोही असेल तिथे कुठेतरी."

आर्डिथने बंदूक तिच्या हातातून जवळजवळ हिसकावली, गोधडीत लपेटली आणि दारातून बाहेर पडली. मागून आत्याचा आवाज आला. तिच्यासाठी नव्हता तो. आत्या खिडकीतून बागेकडे बघून कुणाला तरी, सफरचंदं झाली रे, असं सांगत होती.

५

ती सरळ धरणावर गेली. ओली लाकडं उचलायचे जाड हातमोजे गाडीत होते, ते चढवले. संध्याकाळ व्हायची होती. पाणी शिशासारखं, कडेला बर्फाची पापडी धरू लागलेली. गोधडी सोडून तिने बंदूक कठड्यावर आडवी धरली.

हातमोज्यातूनही ऊब लागत होती.

डॅडींना माहीत होतं, तिच्या मनात आलं. माहीत असल्याशिवाय कुणी पोत्यात घालून तारेने आवळत नाही. मग फेकली का नाही? एवढं मोठं धरण इथे. त्याच क्षणी तिला कळलं का ते. फेकायला हात उघडेना. हे काय करतेस पोरी, असं कुणी रागावत नव्हतं. कुणी काहीच म्हणत नव्हतं. फक्त एक लहानपण समोर उभं राहिलं होतं, इतकं उबदार, इतकं पूर्ण, की असं लहानपण कुणाला खरोखर मिळालं असेल यावर विश्वास बसू नये. ते तिचं होतं, आणि ते ती पाण्यात टाकत होती.

"पेपरमिंट," आर्डिथ मोठ्याने म्हणाली, आणि हात उघडले.

आवाज अगदी छोटा झाला. पाण्यावर वर्तुळं उठली, पापडीला लागून थांबली. आर्डिथ कठड्याला धरून रडली. डॅडींच्या अंत्यविधीला ती इतकी रडली नव्हती. परतीच्या वाटेवर तिने गाडीत एकटीने बोलायला सुरुवात केली. एमेट रिशेल, माझे वडील. बूट उंबऱ्यावर आपटायचे. आईला 'मालकीणबाई' म्हणायचे. अंड्यावर फार मीठ घ्यायचे. घर येईपर्यंत ती बोलत होती, आणि घरासमोर गाडी थांबवली तेव्हा तिला हायसं वाटलं. अजून सांगण्यासारखं बरंच उरलं होतं.

ड्वेनला तिने फोनवर सांगितलं, बंदूक काढून टाकली. त्याने फोन आपटला. दोन आठवडे बहीणभाऊ बोलले नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला मात्र तो आला, दारातच तिला मिठी मारली आणि म्हणाला, "जाऊ दे, आर्डी. माणूस काय बंदुकीत असतो थोडाच?"

समजूतदार बोलणं होतं.

"जनेलला मी सगळ्या गोष्टी सांगितल्यात काकाच्या," ड्वेन पुढे म्हणाला. "रोज विचारते पोरगी. मोठ्या माणसांनी द्यायचं म्हणजे दुसरं काय असतं?"

६

हंगामाचा पहिला दिवस म्हणजे त्या डोंगरात सणच. शाळा बंद, वखार बंद, माणसं पहाटे उठून रानात. रिशेलांची लाकडी झोपडी कड्याखाली, हेमलॉकच्या झाडांत. आर्डिथ शिकारीला जात नव्हती. तिचं काम राजमा आणि डुकराच्या हाडांचं सूप, मक्याची भाकरी आणि चूल. दुपार कलली तसा ड्वेन हात हलवत परतला.

"एक दिसला," तो मोजे चुलीवर वाळत घालत म्हणाला. "मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. दोघांनीही विचार केला, जाऊ दे."

"जनेल कुठाय?"

"वरच्या खिंडीत. येईल. आजोबांची रायफल आहे हातात, एकटी थोडीच आहे?"

आर्डिथ खिडकीशी गेली. बर्फ भुरभुरायला लागलं होतं, आवाज न करता. समोरचा उतार पांढरा, त्यावर झाडांची काळी खोडं. तिला वरून येणारा नारिंगी ठिपका दिसला. जनेलचं जाकीट. चालीवरून कळत होतं की पोरगी दमलीय आणि खूश आहे.

तिच्या मागे कुणीतरी होतं.

आर्डिथच्या मनात पहिला विचार आला तो असा, की शिकारीत सक्तीचं असलेलं नारिंगी याने घातलेलं नाही, वनरक्षक दंड करेल. अंगात लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट, पूर्वी सगळेच घालत तसा. आस्तीन दुमडलेली. हातात बंदूक नव्हती. दोन्ही हात रिकामे, आणि तो जनेलच्या एक पाऊल मागे चालत होता, नव्या माणसाला सांभाळून खाली आणतात तसा. जनेल मध्येच मान वळवून त्याच्याशी बोलत होती. हसत होती.

आर्डिथने खिडकीची चौकट घट्ट धरली. ओरडायला हवं, जनेलला हाक मारायला हवी, हे तिला कळत होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, हेही कळत होतं. बघितलं की संपलं. ती जमिनीकडे बघू लागली. मग खालच्या काचेकडे. मग त्यांच्या पावलांकडे. बर्फात दोघांच्या पावलांची एकच ओळ उमटत होती.

एमेट रिशेल, तिने ओठ हलवले. बूट उंबऱ्यावर आपटायचे. आईला...

आईला काय म्हणायचे?

हेमलॉकच्या शेवटच्या झाडाशी तो थांबला, आणि त्याने डावा हात वर केला. आर्डिथने मान वर केली.

भीती होती, अगदी छातीत होती. पण तिच्या पाठोपाठ जे आलं ते भीतीहून मोठं होतं. इतकी वर्षं! किती बारीक झालाय! थंडीत उभा आहे बिचारा, आणि आपण दार लावून बसलोय.

"ड्वेन," ती वळून म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा वर चढला होता. "ड्वेन, ऊठ! ऑरिनकाका आलाय!"

ड्वेन अनवाणीच दाराकडे धावला. बाहेर जनेलचं हसणं, पायरीवर बूट झटकण्याचा आवाज, दार उघडल्याबरोबर आत आलेला थंड वारा आणि लवंग. आर्डिथ लगबगीने वाट्या काढायला कोपऱ्यातल्या फळीकडे गेली. मार्चपासून मनावर एक दगड होता, तो आज उतरला. कशाचा होता तो दगड, ते तिला नेमकं आठवेना, आणि आठवायची गरजही वाटेना.

फळीच्या वर एक फोटो टांगलेला होता. जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक म्हातारा, मेलेल्या हरणाची शिंगं धरून, फोटो काढणाऱ्याकडे बघून हसत होता, जणू काढणारं माणूस त्याचं फार लाडकं असावं. चौकटीवर खाली चाकूने नाव कोरलं होतं: एमेट रिशेल.

आडनाव आपलंच. आर्डिथ वाट्या हातात घेऊन क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहिली. ओळखीचं वाटत होतं, पण जुळत नव्हतं. कोण बरं असेल हा?

ऑरिनकाकाला विचारायला हवं, तिच्या मनात आलं. त्याला माहीत असेल.